महामारीतली शाळाबंदी आणि मुलांचं शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२० मध्ये जगातल्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांची शाळा बंद होती. युनेस्कोच्या मोजणीत ही संख्या दीडशे कोटींच्या घरात गेली होती. शाळाबंदीनं मुलांच्या शिकण्याचं किती नुकसान झालं, यावर तेव्हापासून वाद चालू आहे आणि बहुतेक वेळा तो भरकटतो, कारण तीन निराळे प्रश्न एकात कोंबलेले असतात. मुलं किती मागे पडली? ती शाळा बंद असल्यामुळेच मागे पडली का? आणि तो फरक अजून उरला आहे का? पहिल्या प्रश्नावर अभ्यासकांमध्ये फारसं दुमत नाही. दुसऱ्यावर अजून खडाजंगी चालते. तिसऱ्याचं उत्तर कोणत्या देशाबद्दल आणि कोणत्या मुलांबद्दल बोलतोय, त्यावर बदलतं.

नुकसान खरंच झालं, की हा नुसता बोलबाला आहे?

झालं. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात १५ देशांतल्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की मुलांचं सरासरी ०.१४ प्रमाण विचलनाइतकं, म्हणजे एका शालेय वर्षात जेवढं शिकून होतं त्याच्या साधारण ३५ टक्के, शिकणं राहून गेलं. ही तूट महामारीच्या सुरुवातीलाच पडली आणि पुढे तशीच राहिली. ती फारशी वाढली नाही, पण भरूनही आली नाही.

एक गोष्ट मात्र वादात नेहमी निसटते. हे १५ देश बहुतेक श्रीमंत आहेत. अगदी गरीब देशांतला एकही अभ्यास त्यात नाही, कारण तिथे मोजणीच झाली नव्हती. युगांडात शाळा मार्च २०२० ते जानेवारी २०२२ अशा जवळपास दोन वर्षं पूर्ण किंवा अंशतः बंद होत्या. त्यामुळे ३५ टक्के हा आकडा 'जगाची सरासरी' म्हणून कुणी पुढे केला, तर तो खालच्या बाजूचा अंदाज समजावा.

'०.१४ प्रमाण विचलन' म्हणजे मला समजेल असं काय?

प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, ते मोजायचं एकक. शंभर मुलं गुणांच्या क्रमानं उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाचे गुण ०.१४ प्रमाण विचलनानं घसरले, तर ते मूल खालून पन्नासाव्याऐवजी चव्वेचाळिसाव्या जागी जाईल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही एका मुलाची घसरण नाही, सगळ्या रांगेची सरासरी आहे.

याचं महिन्यांत रूपांतर करताना जपून. पहिली-दुसरीतली मुलं वर्षभरात साधारण १ प्रमाण विचलन पुढे सरकतात, तर नववी-दहावीतली ०.२ च्या आसपास. म्हणून तीच ०.१४ ची तूट लहान मुलासाठी दीड महिन्याची ठरते आणि मोठ्या मुलासाठी सहा-सात महिन्यांची. 'अमुक महिन्यांचं नुकसान' अशी बातमी दिसली की आधी इयत्ता कोणती ते बघा.

जितके दिवस शाळा बंद, तितक्याच दिवसांचं नुकसान ना?

इथेच शाळाबंदीचे समर्थक आणि विरोधक, दोन्ही बाजूंचं गणित चुकतं.

नेदरलँड्समध्ये पहिली बंदी आठ आठवड्यांचीच होती. घरोघरी इंटरनेट होतं, शिक्षक तयारीत होते. शिवाय राष्ट्रीय चाचण्या योगायोगानं बंदीच्या थोड्याच आधी आणि शाळा उघडल्यावर लगेच झाल्या, त्यामुळे मोजणीही चोख झाली. तूट निघाली वर्षाच्या एक-पंचमांश. शाळेचं वर्ष चाळीस आठवड्यांचं धरलं तर एक-पंचमांश म्हणजे बरोबर आठ आठवडे. सगळ्या सोयी हाताशी असूनही सरासरी मुलानं घरी बसून जवळपास काहीच नवं आत्मसात केलं नाही, असा त्याचा अर्थ. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांमध्ये ही तूट ६० टक्क्यांपर्यंत जास्त होती.

आता दुसरं टोक. २००५ च्या भूकंपानंतर उत्तर पाकिस्तानातल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी तपासलं तेव्हा भ्रंशरेषेजवळची (जिथे भूकंपात जमीन सरकली त्याच्या जवळची) मुलं लांबच्या मुलांपेक्षा दीड ते दोन वर्षांनी मागे होती. चौदा आठवड्यांची तूट इतकी कशी झाली? बहुधा कारण असं की शाळा उघडल्यावर वर्ग इयत्तेच्या पुस्तकाप्रमाणे पुढे निघाला. ज्याला भागाकार कळला नव्हता त्याच्यापुढे अपूर्णांक आले, अपूर्णांक कळले नाहीत तोवर टक्केवारी आली. बंदीनं तूट पाडली आणि न थांबणाऱ्या अभ्यासक्रमानं ती वाढवली. आई किमान प्राथमिक शिकलेली होती, तिथे मात्र ही तूट दिसलीच नाही.

आमच्या मते साऱ्या वादातला सर्वांत कामाचा मुद्दा हाच आहे. किती दिवस बुडाले याहून शाळा उघडल्यावर शिकवायला सुरुवात कुठून केली, याला जास्त महत्त्व आहे.

ऑनलाइन वर्ग तर चालू होते. मग शिकणं का थांबलं?

वर्ग चालू असणं आणि मूल वर्गात असणं यात अंतर आहे. ग्रामीण मुलांच्या शिकण्याची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी दोन-तृतीयांशांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो, मोठ्या भावंडाची परीक्षा आधी येते, धाकट्याची पाळी रात्री नऊनंतर.

पण फोन हातात असला तरी अडचण संपत नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात माध्यमिक विद्यार्थ्यांची तुलना केली तेव्हा दूरस्थ वर्गांत ती समोरासमोरच्या मानानं जेमतेम २७.५ टक्के शिकली, असं आढळलं. शाळा कायमची सुटण्याचा धोका कैक पटींनी वाढला, तो वेगळाच. कारण साधं आहे. फळ्यासमोर उभा असलेला शिक्षक चेहरे बघून मागे येतो, पुन्हा सांगतो. पडद्यावर चेहरे बंद असतात आणि तास पुढे जातो.

दुरून शिकवणं सरसकट निरुपयोगी मात्र नव्हतं. बोट्सवानामध्ये दर आठवड्याला साध्या फोनवर गणिताचे एसएमएस आणि त्याबरोबर वीस मिनिटांचा फोन, एवढ्यानं मोजण्याइतकी सुधारणा झाली. नुसत्या एसएमएसनं काही झालं नाही. फरक पडला तो पलीकडून कुणीतरी 'हे कसं केलंस, सांग' असं विचारत होतं म्हणून.

गणितात जास्त फटका का बसला?

वाचन घरात थोडंफार होतच राहतं: पाट्या, संदेश, गोष्टी. हातच्याची वजाबाकी किंवा छेद समान करणं घरात आपोआप घडत नाही, ते शाळेतच होतं. शिवाय गणितात एक पायरी निसटली की वरच्या सगळ्या डळमळतात. तामिळनाडूच्या ग्रामीण भागात १९ हजार मुलांवर झालेल्या अभ्यासात डिसेंबर २०२१ मध्ये गणिताची तूट ०.७३ आणि भाषेची ०.३४ प्रमाण विचलन होती. वरचं रांगेचं गणित लावलं तर गणितात मधलं मूल खालून तेविसाव्या जागी गेलं.

हे सगळं शाळाबंदीमुळे, की एकूण महामारीमुळे?

खरा वाद इथे आहे, आणि दोन्ही बाजूंकडे दमदार पुरावा आहे.

अमेरिकेत २०२०–२१ या वर्षात काही जिल्ह्यांनी शाळा उघडल्या, काहींनी वर्षभर ऑनलाइन चालवलं. ज्या शाळा जास्त काळ ऑनलाइन राहिल्या तिथे गणिताची तूट जास्त पडली, आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांत तर फारच. एकाच देशातली, एकाच काळातली तुलना असल्यानं हा पुरावा वजनदार आहे. पण उघड्या राहिलेल्या शाळांतही गुण घसरलेच. आजारपण, घरातले मृत्यू, गेलेल्या नोकऱ्या, सतत विलगीकरणात जाणारे विद्यार्थी आणि शिक्षक, हे सगळं तिथेही होतं.

दुसरीकडे पिसा २०२२, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची गणिताची सरासरी २०१८ च्या तुलनेत सुमारे १५ गुणांनी आणि वाचनाची १० गुणांनी खाली आली. शाळा कमी काळ बंद ठेवणारे देश आणि जास्त काळ ठेवणारे देश यांच्या घसरणीत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. शिवाय वाचन आणि विज्ञानातली घसरण कित्येक देशांत महामारीच्या आधीच सुरू झाली होती. म्हणजे २०२२ च्या आकड्यातली काही घसरण तशीही होणारच होती.

मग स्वीडनचं काय? तिथे तर शाळा उघड्या होत्या.

स्वीडनचा दाखला दोन्ही बाजू देतात आणि दोन्ही अर्धवट देतात. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा २०२० च्या वसंतात उघड्या राहिल्या. उच्च माध्यमिकचे वर्ग दूरस्थ झाले. पहिली ते तिसरीच्या वाचनात तूट पडली नाही, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. पण पिसात स्वीडनचे गणिताचे गुण ५०२ वरून ४८२ वर आले, म्हणजे ओईसीडीच्या सरासरीपेक्षा जास्त घसरण. पहिलं वाक्य सांगून दुसरं गाळणारा किंवा दुसरं सांगून पहिलं गाळणारा वक्ता ओळखून ठेवावा.

पण त्या काळात तर निकाल भरघोस लागले होते!

अनेक ठिकाणी परीक्षाच झाल्या नव्हत्या. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, वरच्या दोन श्रेणी मिळवणारे २०१९ मध्ये २५.४ टक्के होते. २०२१ मध्ये शिक्षकांनी मूल्यमापन केलं तेव्हा ते ४४.८ टक्के झाले. मोजपट्टी बदलली की दोन वर्षांची तुलना होत नाही. शाळाबंदीच्या वादात अंतर्गत गुणांवर आधारलेले निकाल पुरावा म्हणून चालवून घेऊ नयेत, मग ते कुणाच्याही बाजूचे असोत.

आकडे वाचताना आणखी कुठे फसायला होतं?

परीक्षेला न आलेल्या मुलांपाशी सर्वांत आधी. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या चाचण्यांना सर्वाधिक मागे पडलेली मुलंच गैरहजर असतात, त्यामुळे सरासरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. घरी बसून दिलेल्या चाचणीत लहान मुलांचे गुण फुगतात. कारण शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं, आणि 'नीट बघ बरं' एवढं म्हटलं तरी उत्तर बदलतं.

दुसरी गफलत विसरणं आणि न शिकणं यांतली. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६ हजार मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावलं होतं, गणितात ८२ टक्क्यांनी. ही मोजणी विसरण्याची आहे. त्या वर्षी जे शिकायचं होतं आणि शिकलंच गेलं नाही, ते यात नाही. दोन्हींवरचा उपायही वेगळा: विसरलेलं थोड्या उजळणीनं परत येतं, न शिकलेलं पहिल्यापासून शिकवावं लागतं.

आता तरी भरून आलं का?

काही ठिकाणी बरंच, काही ठिकाणी सरासरीपुरतं.

तामिळनाडूत शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत तुटीचा दोन-तृतीयांश भाग भरून निघाला. त्यातला साधारण चौथा हिस्सा 'इल्लम तेडी कल्वी' या योजनेमुळे, म्हणजे स्वयंसेवकांनी शाळेनंतर घेतलेल्या वर्गांमुळे. बाकीचं श्रेय शाळा पुन्हा भरण्याला.

'असर'प्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आली. 'भरून आलं' म्हणायला हरकत नाही, फक्त एक आठवण ठेवून: तिसरीतल्या दर चारपैकी जवळपास तिघांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता, ही स्थिती महामारीनं आणलेली नाही.

अमेरिकेत २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीचं गणित ८ गुणांनी घसरलं होतं. २०२४ मध्ये सरासरी जवळपास तिथेच राहिली, पण आतली तफावत वाढली. वरची मुलं पुढे गेली, तळातली आणखी खाली. सरासरी हलली नाही म्हणून कुणीच हललं नाही, असं नसतं.

माझं मूल नेमकं कुठे अडलंय, हे कसं ओळखायचं?

दहा-पंधरा मिनिटं, कागद-पेन्सिल आणि मुलानं आधी न पाहिलेला मजकूर एवढं पुरतं. पाठ्यपुस्तक नको, धडा पाठ असतो आणि वाचतोय असा भास होतो. 'असर'ची रीत घरीही चालते.

वाचनाची सुरुवात चार सोप्या वाक्यांच्या परिच्छेदानं करा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, एकेक शब्द न तोडता वाचला तर आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. परिच्छेद अडखळला तर सुटे शब्द: कोणतेही पाच, त्यातले चार बरोबर हवेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, तोच नियम. मुलाला जिथे नीट जमलं तिथे थांबा, ती त्याची पातळी. गोष्ट वाचून झाल्यावर 'मग शेवटी काय झालं?' हे विचाराच. घडाघडा वाचून अर्थ न लागणारी मुलं शाळाबंदीनंतर कमी नाहीत.

गणितात हातच्याच्या दोन वजाबाक्या द्या, दोन्ही बरोबर यायला हव्यात. समजा ६२ वजा २८ दिलं. उत्तर ३४. मुलानं ४६ लिहिलं तर ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: आठातून दोन, सहातून दोन. त्याला दशक-एकक हेच कळलेलं नाही. काड्यांचे गठ्ठे घेऊन मागे जावं लागेल. ४४ लिहिलं तर हातचा घेतला, पण दशकातून एक कमी करायला विसरलं. हे आठवडाभराच्या सरावाचं काम आहे. दोघांनाही 'चूक' एवढाच शेरा मिळतो, आणि पुढचं सगळं तिथेच बिनसतं. वजाबाकी आली तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगा.

चाचणी घेताना हुं की चूं करू नका. शाबासकीही शेवटी.

भरून काढायला काय चालतं?

पातळीनुसार गट. रोज तास-दीड तास इयत्ता बाजूला ठेवायची आणि अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले असे गट करून शिकवायचं. दर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी आणि गट बदलायचे. हे बदलणं राहिलं की 'ढ' मुलांचा कायमचा गट तयार होतो आणि योजना तिथेच बारगळते.

दुसरं, छोट्या गटाची नियमित शिकवणी. तीन-चार मुलं, आठवड्यातून किमान तीनदा, अर्धा तास, शिकवणारी व्यक्ती तीच, आणि शक्यतो शाळेच्याच वेळात. इटलीत २०२० मध्ये विद्यापीठातल्या स्वयंसेवकांनी माध्यमिकच्या मुलांना आठवड्याला तीन ते सहा तास ऑनलाइन, एकास एक शिकवलं आणि ०.२६ प्रमाण विचलनाची सुधारणा झाली. हेच काम आठवड्यातून एकदा, दहा जणांच्या गटात केलं की परिणाम विरून जातो.

तिसरं, हजेरी. अमेरिकेत शाळेचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारी मुलं महामारीआधी सुमारे १५ टक्के होती, २०२१–२२ मध्ये सुमारे २८ टक्के झाली. वर्गात नसलेल्या मुलाला कुठलाही जादा वर्ग उपयोगी पडत नाही.

आणि काय चालत नाही?

'ज्याला हवं त्यानं यावं' असे ऐच्छिक वर्ग. तिथे आधीच पुढे असलेली मुलं येतात. पंधरा दिवसांत आख्ख्या मागच्या वर्षाची उजळणी हाही एक लाडका प्रकार. सगळ्यावरून हात फिरतो आणि काहीच बसत नाही. सगळ्यांना सरसकट एक इयत्ता मागे ठेवणंही नको: पुढे असलेली मुलं अडकतात, आणि पुन्हा त्याच पद्धतीनं तेच शिकवलं तर मागची तिथेच राहतात.

ही पिढी आयुष्यभर कमी कमावेल, हे खरं आहे का?

२०२० मध्ये ओईसीडीसाठी मांडलेल्या एका हिशोबात वर्षाच्या एक-तृतीयांश शिकणं बुडालं तर आयुष्यभराच्या कमाईत सुमारे ३ टक्के घट येईल, असं म्हटलं होतं. जागतिक बँक आणि सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये अंदाज मांडला की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहाव्या वर्षी साधा मजकूर न समजणारी मुलं ५७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जातील. दोन्ही मोजलेले आकडे नाहीत, गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) काढलेले आहेत, आणि दोन्ही 'तूट भरली नाही तर' या अटीवर उभे आहेत. चर्चेत वापरायचे तर ही अट सोबत सांगा.

थोडक्यात, शाळा बंद ठेवणं चूक होतं का?

मार्च २०२० मधला निर्णय आणि २०२१ मधला निर्णय एकाच तराजूत घालू नका. सुरुवातीला विषाणूबद्दल माहिती कमी होती, आणि फ्लूच्या साथीत मुलं मोठ्या प्रमाणात संसर्ग पसरवतात हा अनुभव समोर होता. पुढच्या काळात माहिती वाढली. तरी अनेक ठिकाणी बाजार, कार्यालयं आधी उघडली आणि प्राथमिक शाळा सर्वांत शेवटी. पहिल्या बंदीचं समर्थन करता येतं, हा क्रम मात्र आम्हाला पटण्यासारखा वाटत नाही. किती जीव वाचले हा हिशोब साथरोगतज्ज्ञांचा. शिक्षणाच्या आकड्यांवरून त्याचा निकाल लागत नाही.

तेव्हाची लहान मुलं आता मोठ्या वर्गात आहेत. आता काही करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण रीत बदलावी लागते. मोठी मुलं अडचण लपवतात: शेजाऱ्याचं उतरवतात, मोठ्यानं वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातात. त्यांच्यापुढे कावळा-चिमणीची गोष्ट ठेवली तर अपमान वाटतो. मजकूर त्यांच्या वयाचा हवा, खेळाची किंवा गाडीच्या इंजिनाची माहिती चालेल, फक्त वाक्यं आखूड आणि जोडाक्षरं कमी. गणितात अपूर्णांक आणि भागाकार आधी तपासा. बीजगणितात अडलेलं मूल बहुधा तिथेच अडलेलं असतं. तपासणी एकट्यानं घ्या, वर्गासमोर नाही.